तपासून घेतलेली कात्री

दुकानात जाऊन वस्तू विकत घेणारी माणसं हिंगोली जिल्ह्यात पुष्कळ आहेत; पण दुकानात जाऊन वस्तूची रीतसर परीक्षा घेणारा आणि निम्म्या वस्तूंना नापास करून घरी येणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. त्यामुळे मी धाकटा साडू, आणि तोंडावर त्यांना दाजी म्हणतो. भेंडीचं टोक मोडून बघणं, मडक्यावर टिचकी मारणं, टरबुजाला कान लावणं हे आपण सगळेच करतो. आमच्या साडूंनी हाच नियम उरलेल्या सृष्टीलाही लावला. छत्री घ्यायला गेले तर त्यांचं उघडून-मिटून भागत नाही. ते दुकानदाराकडे बादलीभर पाणी आणि ते वरून ओतायला एक उंच माणूस मागतात. गादी घ्यायची होती तेव्हा दुपारचं जेवण करूनच दुकानात गेले, आडवे झाले आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत घोरले. चहाच्या वेळेला दुकानदारानं उठवलं तेव्हा म्हणाले, डावी कूस बरी लागली, उजवी उद्या येऊन बघतो. एकदा कुलूप घ्यायचं म्हणून दुकानदाराच्याच गल्ल्याला लावून पाहिलं, पसंत पडलं नाही म्हणून निघून आले, आणि किल्ली मात्र खिशात राहिली. त्या दुकानदारानं त्यानंतर त्यांना बघितलं की गल्ल्यावर हात ठेवायची सवय लावून घेतली आहे.

तपासल्याबिगर घेतलेली वस्तू म्हणजे न बघता केलेली सोयरीक, असं ते म्हणतात. हे वाक्य त्यांनी एकदा माझ्या मेहुणीसमोर, म्हणजे आक्कांसमोर म्हटलं. आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या की, आपलं लग्न झालं तेव्हा तुमी मला कुठं बघितलं होतं, आणि त्याचीच भरपाई म्हणून तेव्हापासून सगळ्या गोष्टी तपासून राहिलेत.  साडूंनी तांदळातला एक खडा उचलून उजेडात धरून पाहिला.

नोकरी एस.टी.त झाली. फलाटावरच्या त्या काचेच्या खोलीत बसून ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. सेनगाव, आखाडा बाळापूर, शिरड शहापूर ही गावं त्यांच्या तोंडून ऐकली की तिथं काहीतरी मोठं घडणार आहे असं वाटायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आवाज अजून फलाटावरच आहे. घरात पाहुणे जमले की जेवणाची ताटं लागल्याचं ते पुकारतात, आणि पुकारताना दोनदा पुकारतात, कारण पहिल्यांदा पुकारलेलं कुणाला ऐकू जात नाही असा त्यांचा अनुभव. रागावले तरी शुद्ध बोलतात. आपल्या घरगुती बोलीवर ते येतात ते फक्त मनातलं बोलताना.

तर गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं. मुलगी इथंच हिंगोलीत बँकेत होती, मुलगा पुण्याला नोकरीत. मुलाकडची माणसं सरळ. विहारात साधं लग्न करू, पांढऱ्या साडीत मुलगी द्या, देण्याघेण्याचा विषय नको, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आता या गोष्टीचा सगळ्यात जास्त आनंद आमच्या साडूंना व्हायला हवा होता. हुंड्यावर आणि आंदणावर ते आयुष्यभर बोलत आले होते. वस्तीत कुणाच्या दारात लग्नाचं कपाट, पलंग, भांडी मांडलेली दिसली की हे मांडवात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वऱ्हाडाला चार गोष्टी सुनवायचे, आणि पंगतीला न बसता घरी यायचे. मग घरी आल्यावर आक्कांना पुन्हा चूल पेटवावी लागायची.

पण बैठक संपल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि कोपऱ्यातल्या कोठीजवळ उभे राहिले. पत्र्याची गोल, छातीएवढी उंच धान्याची कोठी. आमच्या सासऱ्यांनी आक्कांना लग्नात दिलेली. ती आली तेव्हापासून तिच्यात गहू नाही असा दिवस त्या घरानं पाहिलेला नाही. अंगावर पोचे आलेत, रंग उडालाय, पण झाकण उघडलं की आक्का अजूनही एकदा आत वाकून बघतात, आणि त्यात गहू बघण्यापेक्षा जास्त काहीतरी असतं, हे साडूंनाही ठाऊक होतं. मला त्यांनी बाजूला घेतलं.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "लेकीच्या घरात बापाच्या हातचं एक तरी भांडं पायजे का न्हाई?"

मी म्हटलं, घ्या की मग, मोंढ्याजवळ तयार कोठ्या मिळतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हुंडा मागितला होता. विकत घेतलं की ते आंदण झालं, आणि आंदण द्यायला त्यांच्या तत्त्वाची बंदी. हातानं केलं तर मात्र ते आंदण नाही, हे कलम त्यांनी तिथंच उभ्या उभ्या काढलं. तेव्हा कोठी हातानं करायची ठरली. ज्या माणसानं जन्मात ध्वनिक्षेपकाच्या बटणापलीकडे हत्यार हातात धरलं नव्हतं, वहीला कव्हर घालतानाही ज्याची कात्री भरकटायची, त्यानं पत्र्याची कोठी करायची. आक्का हसल्या, प्रज्ञा हसली, मीही हसलो. ते हसले नाहीत. लग्न बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे होतं, आणि हातात हिवाळा होता.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. तिच्यातल्या गोवऱ्या आणि मोडकी सायकल खाली आली, एक जुनं टेबल वर गेलं, आणि त्या खोलीला कारखाना हे नाव पडलं. आता कारखान्याला हत्यारं पाहिजेत. इथून पुढे आमच्या जिल्ह्यातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदारांचे वाईट दिवस सुरू झाले.

पत्रा कापायची कात्री घेणं ही काही मोठी गोष्ट नाही. माणूस जातो, मागतो, घेतो आणि येतो. आमचे साडू कापडी पिशवीत पत्र्याचे तुकडे भरून निघायचे. तेलाच्या डब्याचा एक, जुन्या कूलरचा एक, पन्हाळीचा एक, आणि एक कुठल्या तरी गाडीच्या मडगार्डचा. दुकानदारानं कात्री पुढे केली की हे पिशवीतून पातळ तुकडा काढत, मग जाड, मग त्याहून जाड, आणि दुकानातच कापायला बसत. कापलेल्या कडेवरून बोट फिरवत. बोटातून रक्त आलं तर कात्रीला धार आहे आणि नाही आलं तर शंका आहे, अशी काहीतरी त्यांची पद्धत होती. त्या हिवाळ्यात त्यांच्या हाताच्या एका ना एका बोटाला चिंधी बांधलेली असायचीच. मी बरोबर असायचो, कारण पिशवी जड होती.

हिंगोलीतल्या पहिल्या दुकानात गेजवरून भांडण झालं. पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि त्यात आकडा वाढला की पत्रा पातळ होत जातो, हे दुकानदारानं सांगितलं. साडूंना ते पटेना. आकडा वाढला की माल वाढला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अठरा गेज जाड आणि चोवीस गेज पातळ ही सरळसरळ फसवणूक आहे, असं त्यांनी फलाटावरच्या आवाजात दोनदा जाहीर केलं. रस्त्यावरची माणसं थांबली. दुकानदारानं शेवटी दोन्ही पत्रे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते वाकवून बघितले, नखानं वाजवून बघितले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले की, माल बरोबर आहे, मोजणाऱ्याचं चुकलंय. तिथून कात्री घेतली नाही.

दुसऱ्या दुकानात ग्राइंडर दाखवला. बटण दाबताच ठिणग्या उडाल्या आणि एवढा आवाज झाला की साडूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आयुष्यभर ध्वनिक्षेपकाजवळ बसलेल्या माणसाला आवाजाचं एवढं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले की तो माझा आवाज होता. नांदेडला गेलो, तिथं टेबलावर बसवायची, हातभर लांब दांड्याची कात्री होती. दांडा खाली ओढला की जाडजूड पत्राही पापडासारखा तुटायचा. ती त्यांना मनापासून आवडली. ओढून ओढून त्यांनी पिशवीतले सगळे तुकडे संपवले, मग दुकानदाराचे. पण गोल काही कापता येईना. कोठी गोल, तिचा तळ गोल, झाकण गोल, आणि ही नुसती सरळ जाणार. मग कुणीतरी मोबाइलवर एक यंत्र दाखवलं, ड्रिलला लावलं की उंदरासारखं पत्रा कुरतडत जाणारं. त्याची परीक्षा मोबाइलच्या काचेतून घेता येत नाही म्हणून तेही बाद झालं. दुकानदार आम्हाला लांबून बघूनच कात्र्या आत ठेवू लागले. एकानं तर आम्ही पायरी चढायच्या आधीच दुकान बंद असल्याचं सांगितलं; तो त्या वेळी एका बाईंना खिळे मोजून देत होता.

संक्रांत गेली. आक्का म्हणाल्या, पोरीला पोरं होतील तवर तरी कात्री आणा. मी एकदा धीर करून म्हटलं, दाजी, कसलीही घ्या, कोठी व्हायला वेळ लागेल. त्यांनी मला जे उत्तर दिलं त्यानंतर मी त्यांना घाई करणं सोडून दिलं.

"माझ्या हाताला येत न्हाई काहीच, ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्हणून तर हत्यार बराबर पायजे. हातही कच्चा आन कात्रीही कच्ची, मंग लेकीला काय देऊ?"

कात्री शेवटी मिळाली ती आखाडा बाळापूरला, रस्त्याकडेच्या एका दुकानात. मालक म्हातारा आणि निवांत होता. साडूंनी पिशवी उघडली तर त्यानं कौतुकानं आत डोकावून बघितलं, बसायला पाट दिला आणि चहा सांगितला. त्यानं तीन कात्र्या पुढे ठेवल्या. लाल मुठीची कापताना डावीकडे वळते, हिरव्या मुठीची उजवीकडे, आणि पिवळ्या मुठीची सरळ जाते. साडू तिन्ही घेऊन बसले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. समोर पत्र्याचे नागमोडी तुकडे साचू लागले. एक पिंपळाचं पान झालं, एक मासा झाला, एक काहीच झालं नाही. मालकाची दुपारची झोप होऊन तो परत आला तरी हे कापतच होते. शेवटी त्यांनी तिन्ही कात्र्या पुसून ओळीनं मांडल्या आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून कुठलीही वस्तू एवढ्या गुणांनी पास झालेली मी पाहिली नव्हती. येताना एस.टी.त त्यांनी तिन्ही मांडीवर ठेवल्या आणि शेजारच्या अनोळखी माणसाला डावं-उजवं समजावून सांगितलं. तो माणूस कळमनुरीला उतरला, आणि मला वाटतं, त्याला मुळात पुढे जायचं होतं.

आता खरं काम सुरू झालं, आणि कोठीऐवजी नरसाळी तयार होऊ लागली. पत्रा गोल वळवायचा तर कड सरळ कापलेली पाहिजे. ह्यांची कड एका बाजूला कलायची, मग गोल वळवलं की एक तोंड मोठं आणि एक लहान. सराव म्हणून छोट्या तुकड्यांवर जे जे केलं ते ते नरसाळंच झालं. आमच्या घरी रॉकेल नाही, तरी नरसाळी आली. शेजारी गेली, विहारात गेली, बँकेत प्रज्ञाच्या टेबलावर एक गेलं आणि त्यात ती पेन ठेवू लागली. आक्कांनी पिवळी कात्री कोथिंबिरीच्या मुळांना वापरलेली सापडली तेव्हा घरात दोन दिवस शुद्ध मराठी बोललं गेलं.

प्रज्ञा बँकेतून आली की चहा घेऊन वर जायची. सरळ रेष पत्र्यावर येत नव्हती ती तिच्यामुळे आली. आमच्याकडे हळद काही कमी नाही. सुतळी हळदीत घोळायची, पत्र्यावर ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची. पिवळीधमक सरळ रेघ उमटते. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला हे. गोलासाठीही तीच सुतळी. प्रज्ञा पत्र्याच्या बरोबर मध्यावर बसून सुतळीचं टोक अंगठ्यानं दाबून धरायची, आणि दुसऱ्या टोकाला खिळा बांधून साडू तिच्याभोवती गुडघ्यांवर रांगत फिरायचे. फेरी पुरी झाली आणि रेघेला रेघ मिळाली की दोघं एकदम श्वास सोडायचे. मी एकदा दारातून हे बघितलं आणि आत न जाता परत फिरलो. त्या खोलीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

मापही सुतळीनंच घेतलेलं. साडूंनी आक्कांच्या कोठीला सुतळी गुंडाळून घेराची गाठ मारली, उभी धरून उंचीची गाठ मारली, आणि त्या दोन गाठींवर नवी कोठी उभी राहिली. कड दुमडून, रिबिटा ठोकून, तळ बसवून, झाकण घालून. चैत्र उलटता उलटता ती झाली. थोडी डावीकडे झुकलेली, पण कोठी. नरसाळं नाही. वस्तीतली माणसं बघायला आली. साडूंनी तिच्यात पाणी भरून बघितलं, आत टॉर्च लावून अंधारात बाहेरून बघितलं, शेवटी वर बसून बघितलं. मग ते खाली उतरले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

लग्न छान झालं. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात प्रज्ञाचं सामान पुण्याला न्यायला टेम्पो आला. चार बॅगा, पुस्तकांची खोकी आणि कोठी. जावईबापूंनी कोठी तेव्हा पहिल्यांदा बघितली. शहाणा मुलगा; त्यानं आधी तिला हात लावला, आतून-बाहेरून बघितली, आणि मग फार हळू आवाजात विचारलं की ही ठेवायची कुठं. त्यानं मोबाइलवर पुण्याच्या स्वयंपाकघराचे फोटो दाखवले. ओटा, ओट्यासमोर एका माणसाच्या उभं राहण्याइतकी जागा, की लगेच भिंत. रिकामी जागा होती ती ओट्याखाली. तिथं राहणाऱ्या त्याच्या मित्रानं फोनवरून माप सांगितलं. साडूंनी गाठींची सुतळी काढली, ते माप तिच्यावर धरलं. घेर बसत होता. उंची मात्र कोठीच्या निम्म्याहून जेमतेम बोटभर जास्त भरली.

मग सगळ्यांनी उपाय सुचवले, आणि एकेक उपाय ऐकताना साडूंचा चेहरा उतरत गेला. कुणी म्हणालं गॅलरीत ठेवा. कुणी म्हणालं वर कापड टाकून फुलदाणी ठेवता येईल. टेम्पोवाला म्हणाला भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे, त्याला मी गप्प बसवलं. आक्का चांगल्या मनानं म्हणाल्या, राहू द्या इथंच, आपल्याला होईल. हा घाव सगळ्यात खोल गेला असणार, कारण साडू सरळ जिना चढून वर गेले.

मी मागोमाग गेलो. ते टेबलाशी बसून पिवळी कात्री उघडत होते, मिटत होते.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "कात्री तपासली, पत्रा तपासला. लेकीचं घर तेवढं तपासायचं राहिलं."

त्यांचं बरोबर होतं. लेकीचं स्वयंपाकघर आपल्या बायकोच्या स्वयंपाकघराएवढंच असतं, असं त्यांनी धरून चाललं होतं. आपल्याकडच्या सगळ्याच बापांनी हे धरून चाललेलं असतं. त्यांनी त्यावर कोठी बांधली एवढाच फरक.  तेवढ्यात प्रज्ञा वर आली. तिनं टेबलावरून हळदीची सुतळी उचलली.

"बाबा, मधून कापा," ती म्हणाली.

"कापून टाकू?"

"टाकू न्हाई. अर्धी माझ्याकडं, अर्धी तुमच्याकडं. माझे निम्मे गहू इथंच राहू द्या."

साडूंनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, छन्नी-हातोडी माझ्या हातात दिली, कात्री स्वतः घेतली आणि जिना उतरताना दोनदा पुकारलं की टेम्पो थोडा उशिरा सुटेल. अंगणात सगळे बाजूला झाले. प्रज्ञानं सुतळीचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं, आणि कोठीच्या पोटावरून पिवळी रेघ फिरवली. मी छन्नीनं भोक पाडून दिलं. त्यांनी कात्री घातली. एवढ्या महिन्यांत ज्यांची कड एकदाही न कलता गेली नव्हती, ते त्या दिवशी रेघ सोडून केसभरही हलले नाहीत. चष्मा ओला झाला होता, तो पुसायला थांबले नाहीत. आवाज तेवढा कर्रकर्र येत राहिला. शेवटचा टाका तुटला तेव्हा वरचं अर्धं आक्कांनी पोटाशी धरलं होतं.

कड पक्कडीनं दुमडून गुळगुळीत केली. साडूंनी तिच्यावरून बोट फिरवलं. त्या दिवशी रक्त आलं नाही हेच बरं होतं. तळ खालच्या अर्ध्याला होता, आणि झाकण सगळ्या घेराला बसणारं असल्यामुळे तेही खालच्यालाच बसलं. त्यात दोन पायल्या गहू घालून ती टेम्पोत चढली. मी प्रज्ञाची शेवटची बॅग उचलून देत होतो तेव्हा मी तिला म्हटलं की, माप आधी कळलं असतं तर तुझ्या बाबांचा एवढा त्रास वाचला असता. ती टेम्पोकडे बघत म्हणाली, "साखरपुड्यालाच त्यांच्या मोबाइलवर बघितलं होतं मी ते स्वयंपाकघर, काका. पण मंग संध्याकाळी वर जाऊन बसायला काय कारण राहिलं असतं?" मग ती आईच्या गळ्यात पडायला गेली.

आता पाऊस होऊन सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय. पुण्यातली कोठी ओट्याखाली चपखल बसली आहे, तिचा फोटो साडूंच्या मोबाइलवर आहे आणि तो मी इतक्यांदा बघितलाय की तिच्यावरचा एकेक पोचा मला पाठ आहे. वरचं अर्धं मात्र आक्कांच्या जुन्या कोठीशेजारी उभं आहे. त्याला तळ नाही, झाकण नाही, नुसतं कडं. गहू त्यात कसे राहणार? आक्का रोज आठवण करून देतात. साडू म्हणतात, करायचंय, पत्रा तपासून राहिलो. पत्रा केव्हाचा वर येऊन पडलाय, कात्र्याही आहेत, हात आता चांगला बसलाय. तरी तळ होत नाही.

परवा मीच म्हटलं, चला दाजी, मी मध्ये धरतो. त्यांना नाही म्हणता येईना. आम्ही वर गेलो. मी पत्र्याच्या मध्यावर मांडी घालून बसलो, सुतळीचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं, आणि ते खिळा घेऊन माझ्याभोवती रांगत निघाले. फेरी पुरी झाली. रेघेला रेघ मिळाली नाही. बोटभर अंतर राहिलं. त्यांनी खिळा खाली ठेवला आणि गुडघे झटकत उठले.

"तुमचा अंगठा हलून राहिला, साडूभाऊ," ते म्हणाले. "राहू द्या. दिवाळीला पोरगी येईल, तवा बघू."

मी अंगठा उचलून बघितला. पत्र्यावर हळदीचा ठसा एकच होता, आणि अगदी स्वच्छ. मी तो बाहीनं पुसून टाकला आणि म्हटलं, व्हय, हलला असंल.